राहूची बाजू

कुंभकोणमच्या पूर्वेस सुमारे सहा किलोमीटरवर तिरुनागेश्वरम् हे गाव आहे. तेथील नागनाथस्वामीचे शिवालय चोळांच्या काळापासूनचे. परंतु दूरदूरची माणसे तेथे येतात ती अधिककरून राहूच्या दर्शनासाठी. कुंभकोणमच्या परिसरात नवग्रहांची जी नऊ क्षेत्रे मानली जातात, त्यांपैकी हे राहूचे क्षेत्र होय. अन्यत्र राहू म्हणजे केवळ एक छिन्न मस्तक असते. येथे मात्र तो मानवी मुखाचा, नागवल्ली व नागकन्नी या पत्नींसह बसलेला, प्रसन्न असा आहे. राहुकाळात त्याच्यावर दुधाचा अभिषेक होतो आणि मूर्तीवरून ओघळताना दूध निळसर होते, अशी भाविकांची श्रद्धा आहे.

पुराणातील कथा सर्वश्रुत आहे. समुद्रमंथनाच्या वेळी वासुकीचा दोर एका बाजूने देवांनी ओढला, दुसऱ्या बाजूने असुरांनी. श्रम दोघांचे, परंतु अमृत वाटण्याची वेळ आली तेव्हा पंक्ती दोन मांडल्या गेल्या आणि वाढप एकाच पंक्तीत झाले. स्वर्भानू नावाचा असुर वेष पालटून देवांच्या पंक्तीत जाऊन बसला. सूर्य आणि चंद्र यांनी खूण केली, आणि विष्णूच्या चक्राने त्याचे शिर धडावेगळे झाले. ते शिर म्हणजे राहू. कथेत अपराध घडला आहे, यात शंका नाही. वेषांतर ही फसवणूकच होती. परंतु फिर्याद, साक्ष, निवाडा आणि शिक्षा ही सारी एका घोटाच्या अवधीत उरकली. मुळात वाटणी न्याय्य होती काय, हे कोणी विचारले नाही. तुला काही सांगावयाचे आहे काय, हेही कोणी विचारले नाही. ग्रहणाच्या रूपाने राहू अजूनही सूर्यचंद्रांचा पाठलाग करतो, असे लोकमानस समजते. न ऐकलेली बाजू अशी युगानुयुगे आकाशात तिष्ठत राहते, असाही त्या समजुतीचा अर्थ लावता येईल.

तिरुनागेश्वरमने राहूला निर्दोष ठरविलेले नाही. कथा तेथेही तीच सांगितली जाते. ज्याला देवसभेत बोलू दिले गेले नाही, त्याला या गावाने बसावयास जागा दिली, इतकेच. पण या ‘इतकेच’मध्ये न्यायविचाराचा एक मूलभूत सिद्धान्त दडलेला आहे: ऐकले जाण्याचा अधिकार हा निर्दोषत्वावर अवलंबून नसतो. अपराध सिद्ध व्हावयाचा असेल तर तोही ऐकून घेतल्यावरच सिद्ध व्हावा लागतो. वकिली नावाचा व्यवसाय याच सिद्धान्ताच्या पोटी जन्मला. ज्याला स्वतःची बाजू मांडता येत नाही, त्याच्या वतीने ती मांडणारा तो वकील. मग पोलिसांच्या दंडेलीविरुद्ध, किंवा गरिबाला एक आणि श्रीमंताला एक अशा न्यायाविरुद्ध लोक रस्त्यावर उतरतात, तेव्हा काळा कोट घातलेल्या या माणसाने काय करावे? न्यायदालनात थांबावे, की लोकांच्या मोर्चात सामील व्हावे? हा प्रश्न वरवर पाहता व्यावसायिक शिष्टाचाराचा वाटतो. वस्तुतः तो नैतिक प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर राहूच्या कथेपासून फार दूर नाही.

तिरुनागेश्वरमशी निगडित असे एक मोठे नाव म्हणजे बाराव्या शतकातील तमिळ कवी सेक्किळार. या क्षेत्रावर त्याची इतकी भक्ती होती, की आपल्या कुंद्रत्तूर गावी त्याने याच नावाचे शिवालय बांधले. परंपरेनुसार तो चोळ राजाचा मंत्री होता. शिवभक्तांची चरित्रे सांगणाऱ्या त्याच्या ‘पेरियपुराणम्’च्या आरंभीच तिरुवारूरच्या मनुनीती चोळाची कथा येते. राजाने वाड्याच्या दारी घंटा टांगली होती; ज्याला गाऱ्हाणे असेल त्याने दोर ओढावा. एके दिवशी राजपुत्राच्या रथाखाली वासरू सापडून मेले, आणि गाईने शिंगाने दोर ओढला. राजाने चौकशी केली. पुत्राच्या जीवाखेरीज या जीवाची भरपाई होणार नाही, असे त्याने ठरविले आणि पुत्रावरून रथ हाकण्याची आज्ञा मंत्र्याला दिली. मंत्र्याने राजपुत्राला मारण्याऐवजी स्वतःचा प्राण दिला. तेव्हा राजाने स्वतःच रथ हाकला. पुढे शिवाने प्रकट होऊन तिघांनाही जिवंत केले.

या कथेतील राजाची समदृष्टी तमिळ मुलखात वाक्प्रचारासारखी झाली आहे. मद्रास उच्च न्यायालयाच्या आवारातही मनुनीती चोळाचा पुतळा आहे. परंतु तिच्यातील दोन तपशील सहसा दुर्लक्षित राहतात. पहिला असा, की घंटेचा दोर गाईच्या शिंगाला पोहोचेल इतका खाली होता. न्याय मागण्यासाठी वाणी लागली नाही, भाषा लागली नाही, खर्च लागला नाही. ज्या राज्यात दोर उंच असतो, तेथे तो खाली ओढून देणारा कोणीतरी लागतो. दुसरा तपशील मंत्र्याचा. राजाज्ञा आणि सदसद्विवेक यांच्यात तो अडकला, तेव्हा त्याने आज्ञा धुडकावून दंगा केला नाही, की निमूटपणे ती पाळलीही नाही. त्याच्या निर्णयाचे मोल त्याने स्वतः दिले. कथेचा कवी स्वतः मंत्री होता, हे लक्षात घेतले म्हणजे या पात्राला असलेले वजन कळते. न्यायव्यवस्थेच्या आत राहून तिच्याशी मतभेद झालेला माणूस काय करतो, याचे हे एक प्राचीन उदाहरण आहे. आजच्या वकिलाची जागाही नेमकी तशीच, मधली आहे.

हा मुलूख मराठी वाचकाला अगदीच परका नाही. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंकोजीराजांनी तंजावरला भोसल्यांची गादी स्थापिली; बृहदीश्वराच्या भिंतीवर मराठी शिलालेख आहे आणि सरस्वती महालात मराठी पोथ्या आहेत. याच जुन्या तंजावर जिल्ह्यात, तिरुवारूरच्या घंटेची कथा जेथे सांगितली जाते त्याच भातशेतीच्या पट्ट्यात, कीळवेणमणी नावाचे खेडे आहे. मजुरीत थोडे अधिक भात मिळावे म्हणून तेथील दलित शेतमजूर संघटित झाले होते. २५ डिसेंबर १९६८च्या रात्री जमीनदारांच्या माणसांनी वस्तीवर हल्ला केला. जीव वाचविण्यासाठी एका झोपडीत शिरलेली ४४ माणसे, त्यांत बहुसंख्य स्त्रिया आणि मुले, त्या झोपडीसह जळून गेली. खालच्या न्यायालयाने जमीनदारांना शिक्षा दिली; उच्च न्यायालयाने त्यांची सुटका केली. हे संपन्न, मोटारी बाळगणारे गृहस्थ स्वतः चालत जाऊन असे कृत्य करतील हे संभवनीय नाही, अशा अर्थाचा विचार त्या निकालात आलेला आहे. गाईने दोर ओढला होता, घंटाही वाजली होती. पण राजपुत्र रथात बसणाऱ्यांपैकी आहे, हेच त्याच्या निर्दोषत्वाचे गमक ठरले.

अशा निकालानंतर कायद्यावर निष्ठा असलेल्या माणसाने काय करावे, या प्रश्नाचे रूढ उत्तर तयार असते: अपील करावे, फेरविचाराचा अर्ज करावा, आणि तेही संपले म्हणजे निकाल शिरोधार्य मानावा. या उत्तरामागचा युक्तिवाद क्षुल्लक नाही. वकील हा न्यायालयाचा अधिकारी असतो. जमावाचा आवाज मोठा असतो म्हणून तो खरा नसतो. किंबहुना जमावाच्या क्रोधापासून आरोपीचे रक्षण व्हावे म्हणूनच न्यायालये निर्माण झाली. न्यायदालनात हरलेला पक्ष रस्त्यावर जिंकावयास निघाला आणि वकिलानेच त्याचे नेतृत्व केले, तर सामान्य माणसाने निकालावर विश्वास कशाच्या बळावर ठेवावा? शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे म्हणणाऱ्या समाजात पायरीवर उभ्या असलेल्या वकिलानेच पाठ फिरविली, तर ती म्हण कायमची खरी ठरेल.

हा आक्षेप खोडून काढण्यापेक्षा तो एखाद्या प्रत्यक्ष घटनेला लावून पाहणे अधिक उपयुक्त होईल. अशी घटना महाराष्ट्रातच घडली आहे. तेव्हाच्या चंद्रपूर आणि आताच्या गडचिरोली जिल्ह्यातील देसाईगंज येथे, मार्च १९७२मध्ये, एका पोरक्या आदिवासी मजूर मुलीला तिच्या भावाच्या तक्रारीच्या संदर्भात पोलीस ठाण्यात बोलावण्यात आले. ती सोळा वर्षांच्या आतबाहेरची होती. जबाब झाल्यावर रात्री तिच्या माणसांना बाहेर जाण्यास सांगून तिला आत ठेवून घेण्यात आले. ठाण्यातील दोन पोलिसांवर तिने अत्याचाराचा आरोप केला. त्या रात्री ठाण्याबाहेर संतप्त लोक जमले, तेव्हा कोठे तिची फिर्याद लिहून घेतली गेली. कायद्याचे पहिले पाऊल जमावामुळे पडले, ही गोष्ट जमावाला सदैव अविवेकी मानणाऱ्यांनी विसरू नये.

सत्र न्यायालयाने पोलिसांना निर्दोष ठरविले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १९७६मध्ये तो निर्णय फिरविला: भीतीपोटी गप्प राहणे म्हणजे संमती नव्हे, असे त्याने म्हटले. सप्टेंबर १९७८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा पोलिसांची सुटका केली. अंगावर जखमा नव्हत्या, तिने आरडाओरड केली नव्हती, या गोष्टी त्या न्यायालयाला निर्णायक वाटल्या. रात्रीची वेळ, बंद ठाणे, गणवेशातील दोन पुरुष आणि एक मजूर मुलगी, या परिस्थितीत आरडाओरड कोणाकडे करावयाची, हा प्रश्न निकालात उमटला नाही. राहूप्रमाणेच तिचीही बाजू ऐकल्यावाचून राहिली. फरक इतकाच, की तिचा अपराध कोणताच नव्हता.

एक वर्षानंतर, सप्टेंबर १९७९मध्ये, कायद्याच्या चार अभ्यासकांनी भारताच्या सरन्यायाधीशांना एक अनावृत पत्र लिहिले. दिल्ली विद्यापीठातील उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर व लोतिका सरकार, आणि पुण्याच्या वसुधा धागमवार. निकाल देणाऱ्या न्यायासनाला जाहीरपणे प्रश्न विचारणे ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. न्यायालयाच्या अवमानाची छाया अशा लेखनावर पडू शकत होती. परंतु पत्राची रीत पाहण्यासारखी आहे. त्याने न्यायालयाचा अधिकार नाकारला नाही. न्यायालयाच्याच भाषेत, न्यायालयाच्याच तत्त्वांनी, त्याच्या निकालाची उलटतपासणी केली. संमती आणि शरणागती यांतील भेद त्यात उलगडून दाखविला होता. आणखी एक गोष्ट त्यात होती. स्त्रियांना चौकशीसाठी पोलीस ठाण्यात बोलावू नये, ही कायद्याची आज्ञा त्याच न्यायालयाने त्याच वर्षी, १९७८मध्ये, नंदिनी सत्पथी यांच्या खटल्यात ठासून सांगितली होती. सत्पथी या ओडिशाच्या माजी मुख्यमंत्री होत्या. त्यांच्यासाठी जो नियम आठवला, तो देसाईगंजच्या मुलीच्या वेळी आठवला नाही. न्यायाच्या विषमतेविषयी शेकडो घोषणांनी जे सांगितले नसते, ते या एका तुलनेने सांगितले.

पत्र लोकांपर्यंत पोहोचले आणि स्त्रियांच्या संघटनांनी ते रस्त्यावर नेले. ८ मार्च १९८० रोजी देशातील अनेक शहरांत मोर्चे निघाले. फेरविचाराची मागणी मान्य झाली नाही. सुटलेले सुटलेलेच राहिले आणि त्या मुलीला स्वतःला काही मिळाले नाही, हे कठोर सत्यही नमूद केले पाहिजे. परंतु १९८३मध्ये कायदा बदलला. कोठडीतील अत्याचाराच्या खटल्यात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि स्त्रीने संमती नव्हती असे सांगितले, तर न्यायालयाने ते गृहीत धरावे, अशी तरतूद पुराव्याच्या कायद्यात आली. १ जुलै २०२४पासून जुन्या कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली, तरी ते तत्त्व टिकून आहे. घंटेचा दोर त्या मुलीच्या हाती लागला नाही. तिच्यामागून येणाऱ्यांसाठी तो थोडा खाली आला.

या घटनेने मूळ आक्षेपाचे उत्तर अंशतः तरी मिळते. वकील किंवा विधिज्ञ लोकांत जातो तेव्हा त्याने जमावात आणखी एका आवाजाची भर घालावी, यात फारसे काही नाही. आवाज जमावाकडे पुरेसा असतो. त्याच्याजवळ जे नसते, ते म्हणजे आपले गाऱ्हाणे हे कायद्याने स्वतःच दिलेल्या वचनाचा भंग आहे, हे दाखविण्याचे सामर्थ्य. काळा कोट रस्त्यावर दिसला म्हणजे लोकांना एक गोष्ट कळते: कायदा सर्वस्वी समोरच्या लाठीच्या बाजूला गेलेला नाही, त्यातील काही भाग आपल्या बाजूलाही उभा आहे. अन्यायग्रस्त माणसाचा कायद्यावरचा विश्वास उडू नये यासाठी कधीकधी कायद्याच्या माणसालाच कायद्याच्या इमारतीतून बाहेर यावे लागते. त्याचे बाहेर येणे हे न्यायालयाशी द्रोह नसून न्यायालयाच्या वतीने केलेली क्षमायाचना असते.

परंतु बाहेर आलेल्याने परत आत जाण्याची वाट मोडू नये, ही अट त्याबरोबरच येते. तिचा सर्वांत थोर दाखला महाडचा. १९२७च्या मार्चमध्ये बॅरिस्टर भीमराव आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला. तत्पूर्वी महाडच्या काही सवर्णांनी दिवाणी न्यायालयातून मनाई हुकूम मिळविला. २५ डिसेंबरला परिषद भरली, जन्मावरून दंडाची पायरी ठरविणारी मनुस्मृती त्या दिवशी जाळण्यात आली. मनुनीती चोळाचे नाव आणि या ग्रंथाचे नाव एकच असावे, ही भारतीय न्यायविचाराची एक चमत्कारिक विसंगती आहे. त्याच तारखेला एकेचाळीस वर्षांनी कीळवेणमणीची झोपडी जळाली, हा योगायोगही विसरता येण्याजोगा नाही. महाडात हजारो माणसे तळ्यावर जाण्यास सिद्ध होती, शिक्षा भोगण्यास तयार होती. आंबेडकरांनी त्यांना थांबविले. मनाई हुकूम न्यायालयाचा होता. वकील म्हणून तो मोडण्यापेक्षा न्यायालयातच तो हाणून पाडावयाचा, असे ठरले. मिरवणूक निघाली, पण तळ्याचे पाणी त्या दिवशी कोणी घेतले नाही.

दावा दहा वर्षे चालला. महाडच्या न्यायालयात, ठाण्याच्या न्यायालयात, आणि अखेर मुंबई उच्च न्यायालयात. १७ मार्च १९३७ रोजी न्या. ब्रूमफील्ड यांच्या न्यायासनाने निर्णय दिला, की अस्पृश्यांना तळ्यापासून दूर ठेवण्याची प्राचीन रूढी सिद्ध झालेली नाही. ज्याने लोकांना पाण्यापर्यंत नेले, त्यानेच त्यांना एकदा पाण्यापासून परत फिरविले आणि मग दहा वर्षे प्रतिवादी म्हणून स्वतःच्या नावावर त्या दाव्याचा भार वाहिला. रस्ता आणि न्यायालय यांत त्याने निवड केली नाही. रस्त्याने न्यायालयाला प्रश्न विचारावा आणि न्यायालयाने रस्त्याला उत्तर द्यावे, असा त्याचा आग्रह होता. शिवाय विलंबाचा कडूपणा त्याने आपल्या माणसांबरोबर स्वतःही सोसला. दुसऱ्याला संयम सांगणारा स्वतः सुरक्षित अंतरावर उभा असेल तर तो संयम उपदेशापुरता उरतो.

याच्या उलट चित्रही डोळ्यांआड करून चालणार नाही, आणि ते पुन्हा तमिळनाडूकडेच घेऊन जाते. २००९च्या आरंभी श्रीलंकेतील तमिळांच्या प्रश्नावर वकिलांनी न्यायालयांवर बहिष्कार घातला होता. १७ फेब्रुवारीला मद्रास उच्च न्यायालयाच्या दालनातच एका राजकीय नेत्यावर अंडी फेकली गेली. १९ फेब्रुवारीला वकिलांना अटक करण्यासाठी पोलीस आवारात आले आणि लाठ्या चालल्या. वकील जखमी झाले, एका न्यायमूर्तींनाही मार बसला, वाहने फोडली गेली, आवारातील पोलीस ठाणे पेटविले गेले. मुंबईच्या १९९२-९३च्या दंगलींची चौकशी केलेले न्या. श्रीकृष्ण यांच्याकडे सर्वोच्च न्यायालयाने या घटनेचा तपास सोपविला. त्यांच्या अहवालात पोलिसांच्या अतिरेकाबरोबरच वकिलांच्या बेशिस्तीवरही कठोर बोट ठेवले होते. पोलिसांनी न्यायालयाच्या आवारात लाठी चालवावी, हे लांच्छनास्पदच. परंतु मनुनीती चोळाच्या पुतळ्यासमोर दगड उचलणारा काळा कोट कोणाच्या वतीने तो उचलत होता, हा प्रश्न उरतो.

त्याहून मोठा प्रश्न बहिष्काराचा आहे. न्यायालय बंद राहिले म्हणजे तुरुंगातील कच्च्या कैद्याच्या जामिनाची तारीख पुढे जाते. खेड्यातून एस. टी.ने आलेली विधवा पोटगीच्या दाव्याची नवी तारीख घेऊन परत जाते. वकिलाचा संप असे आपण म्हणतो, पण उपास पडतो तो अशिलाला. सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर २००२च्या हरीश उप्पल खटल्यात वकिलांना संपाचा अधिकार नाही असे म्हटले, आणि त्याचबरोबर निषेधाचे मार्गही मोजून सांगितले: वृत्तपत्रांतून निवेदन, न्यायालयाबाहेर फलक, दंडावर पट्टी, आवारापासून दूर शांततेचा मोर्चा, धरणे, साखळी उपोषण. या यादीकडे केवळ निर्बंध म्हणून पाहिले जाते. बारकाईने पाहिल्यास तिच्यात एक नैतिक सूत्र आहे. यांतील प्रत्येक मार्गात उन्हात उभा राहणारा, उपाशी राहणारा, नाव उघड करणारा माणूस वकील स्वतः आहे. सेक्किळारच्या मंत्र्याने जे केले त्याची ही सौम्य, नागरी आवृत्ती म्हणता येईल: विरोधाचे मोल विरोध करणाऱ्याने द्यावे.

येथवर आल्यावर सर्वांत अवघड वळण येते. पोलिसी अत्याचाराविरुद्ध वकिलांनी उभे राहावे हे मान्य केले, तर ज्या पोलिसावर अत्याचाराचा आरोप आहे, त्याचे वकीलपत्र कोणी घ्यावे? हा प्रश्न काल्पनिक नाही. कोइमतूरमध्ये पोलीस आणि वकील यांच्यात संघर्ष झाला, आणि तेथील वकील संघटनेने ठराव केला, की त्या खटल्यातील आरोपी पोलिसांची बाजू कोणीही सभासद मांडणार नाही. हा ठराव भावनेच्या दृष्टीने समजण्यासारखा आहे. मार खाल्लेल्याने मारणाऱ्याचे समर्थन करावे, अशी अपेक्षा कोण करील? परंतु ६ डिसेंबर २०१०च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने अशा ठरावांचा निषेध केला आणि ते वकिली धर्माच्या विरुद्ध असल्याचे सांगितले. आरोपी कितीही निंद्य असो, त्याला वकील नाकारता येत नाही.

वकिलाच्या निषेधाची खरी कसोटी येथे लागते. देसाईगंजच्या मुलीची बाजू ऐकली गेली नाही म्हणून जो रस्त्यावर आला, तो आरोपी पोलिसाची बाजू ऐकू देण्यास तयार आहे काय? तयार नसेल, तर त्याचा राग खरा असला तरी तो न्यायाचा राग नव्हे. तो एका टोळीचा दुसऱ्या टोळीवरचा राग आहे, आणि काळा कोट हा तेव्हा खाकीसमोर उभा ठाकलेला केवळ दुसरा गणवेश ठरतो. तयार असेल, तर त्याच्या घोषणेला एक असा अर्थ प्राप्त होतो, जो अन्य कोणाच्याही घोषणेला नसतो. तो म्हणत असतो: ठाण्यात ज्याला बोलू न देता मारले, त्याला बोलू द्या, आणि ज्याने मारले, त्यालाही न मारता, बोलू देऊन, शिक्षा करा. पोलिसाने कोठडीत जे नाकारले, तेच आपण पोलिसाला न्यायालयात नाकारणार नाही, हा त्या निषेधाचा आशय असतो.

काळा कोट आपोआप पवित्र होत नाही, याची साक्ष शेजारच्या पाकिस्ताननेही दिली आहे. २००७च्या मार्चमध्ये तेथील सरन्यायाधीशांना लष्करी सत्ताधीशाने दूर केले, तेव्हा हजारो वकील रस्त्यावर आले, लाठ्या खाल्ल्या, आणि दोन वर्षांनी सरन्यायाधीश पुन्हा आपल्या आसनावर बसले. त्याच देशात जानेवारी २०११मध्ये, पंजाबचे राज्यपाल सलमान तासीर यांचा खून करणाऱ्या अंगरक्षकाला न्यायालयात आणले तेव्हा काही वकिलांनी त्याच्यावर गुलाबपाकळ्या उधळल्या. त्या खुन्याचे वकीलपत्र घेणे हा धर्म होता. त्याच्यावर फुले उधळणे हा अधर्म. बाजू मांडणे आणि जयजयकार करणे यांतील अंतर ओळखता येणे, हेच वकिलाचे खरे शिक्षण होय. १९८६मध्ये पश्चिम बंगालच्या विधिसहाय्य संस्थेचे डी. के. बसू यांनी कोठडीतील मृत्यूंविषयी सरन्यायाधीशांना पत्र लिहिले. त्यातून १९९६मध्ये अटकेसंबंधीचे अकरा निर्देश निघाले. अटक करणाऱ्याच्या अंगावर नावाची पट्टी असावी, अटकेची वेळ लिहून साक्षीदाराची सही घ्यावी, नातलगाला कळवावे. हे साधे नियम आरोपीचे रक्षण करतात, आणि नियमाने वागणाऱ्या पोलिसाचेही खोट्या आरोपापासून रक्षण करतात. चांगल्या निषेधातून निघालेला नियम असा दोन्ही बाजूंना पुरतो.

निषेधाने अन्याय संपेल, असे मानणे भाबडेपणाचे होईल. कीळवेणमणीच्या ४४ जीवांना निषेधाने परत आणले नाही. तिरुवारूरच्या कथेत शिव प्रकट झाला, कीळवेणमणीत झाला नाही. देवाने येऊन सावरण्याची सोय ज्या न्यायात नसते, तेथे माणसांनी दोर हाताला लागेल इतका खाली ठेवण्याची काळजी रोज घ्यावी लागते. ती काळजी कधी युक्तिवादाने घेतली जाते, कधी पत्राने, कधी दंडावर काळी पट्टी बांधून उन्हात उभे राहण्याने, आणि कधी ज्याच्याविरुद्ध कालच घोषणा दिल्या त्याच्यासाठी आज न्यायासनासमोर उभे राहण्याने. यांतील शेवटचे सर्वांत कठीण आहे. पण त्यावाचून आधीच्या तिन्हींना अर्थ उरत नाही.

तिरुनागेश्वरमच्या देवळात राहुकाळ सुरू झाला म्हणजे दुधाच्या घागरी पुढे येतात. गावाने राहूचा अपराध पुसलेला नाही, सूर्यचंद्रांना खोटेही ठरविलेले नाही. ज्याचे कोणी ऐकले नव्हते, त्याच्यासमोर रोज ठरलेल्या वेळी माणसे थांबतात.